आणि वऱ्हाड

नागपुरात चाळीस वर्षं मी घरमालक-भाडेकरूंचे दावे चालवले. त्यामुळे एका कायद्याचं नाव मला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता येईल : सेंट्रल प्रॉव्हिन्सेस अँड बेरार लेटिंग ऑफ हाउसेस अँड रेंट कंट्रोल ऑर्डर, १९४९. भाडेकरूला घराबाहेर काढायचं, तर आधी या हुकमाच्या तेराव्या कलमाखाली भाडे नियंत्रकाची परवानगी आणायची, मग नोटीस द्यायची, मग दिवाणी दावा लावायचा. ३१ मार्च २००० पासून महाराष्ट्राचा नवा भाडे नियंत्रण कायदा लागू झाला आणि हा हुकूम गेला. पण आधी दाखल झालेली प्रकरणं पुढेही त्याच्याच खाली चालत राहिली. असंच एक जुनं अपील वाचायला मी माझ्या हाताखालच्या मुलीला दिलं होतं. रामदासपेठेतल्या आमच्या घराच्या व्हरांड्यात बसून तिनं फाइल चाळली आणि विचारलं, "मॅडम, यात दोनदा 'अँड' आहे. दुसरा कळतो. पहिला कशाला? नागपूर आणि अमरावती एकाच सरकारखाली होते ना?"

इतक्या वर्षांत मला हा प्रश्न कुणी विचारला नव्हता. न्यायालयात हजारदा ते नाव उच्चारलं गेलं, माझ्याही तोंडून गेलं. पण त्या 'अँड'पाशी आम्ही कधी थांबलो नाही. त्या एका शब्दात एक सीमा आहे. दोन राज्यकर्त्यांच्या मुलखांमधली, नकाशावर कागदोपत्री खरी, आणि प्रत्यक्षात तारेचं कुंपण नाही, नाका नाही, शिपाई नाही. ती सीमा म्हणजे वर्धा नदी. आमच्या दाराजवळून जाणारा वर्धा रोड त्याच नदीच्या नावाच्या गावाकडे जातो आणि माझं आजोळ त्या नदीच्या पलीकडे, धामणगावला आहे. म्हणून हे मला लिहायचं आहे.

सीमा म्हटलं की आपल्याला दोन देश दिसतात, मध्ये रेघ दिसते. अल्याड एक धनी, पल्याड दुसरा. वऱ्हाडात, म्हणजे त्या नावातल्या 'बेरार'मध्ये, तसं कधी सरळ नव्हतंच. अठराव्या शतकात तिथल्या एकेका गावाला दोन धनी होते. हैदराबादचा निजाम मोगल बादशहाचा सुभेदार म्हणून आलेला, नागपूरकर भोसले चौथ-सरदेशमुखीच्या हक्कानं आलेले. लढाया झाल्या, तह झाले, पण मुलूख कापून कुणी वाटला नाही. वाटला तो वसूल. या कारभाराला 'दोअमली' म्हणत. बऱ्याच परगण्यांत शंभरातले साठ भोसल्यांचे आणि चाळीस निजामाकडचे, असा हिशेब होता. म्हणजे सीमा गावाच्या शिवेवर नव्हतीच, ती वसुलाच्या थैलीतून जात होती. पिकवणाऱ्या कुणब्याच्या दारी दोन सरकारांचे कारकून यायचे आणि त्याला दोघांनाही तोंड द्यावं लागायचं.

जगात आज अशी जोडमालकी फार थोड्या ठिकाणी उरली आहे. फ्रान्स आणि स्पेन यांच्यामधून वाहणाऱ्या बिदासोआ नदीत एक चिमुकलं बेट आहे, त्याला फेझंट बेट म्हणतात. १६५९ चा पिरेनीजचा तह तिथेच झाला. हे बेट फेब्रुवारी ते जुलै स्पेनच्या अमलाखाली असतं आणि ऑगस्ट ते जानेवारी फ्रान्सच्या. पण तिथे कुणीच राहत नाही, म्हणून ते निभतं. वऱ्हाडात लाखो माणसं राहत होती.

नदीची सीमा झाली ती १८०३ मध्ये. दुसऱ्या इंग्रज-मराठा युद्धात २९ नोव्हेंबरला अडगावला भोसल्यांचा पराभव झाला, पंधरा-सोळा दिवसांत गाविलगड पडला आणि १७ डिसेंबरला देवगावचा तह झाला. वर्धा नदीच्या पश्चिमेचा मुलूख दुसऱ्या रघुजी भोसल्यांनी सोडला आणि इंग्रजांनी तो आपल्या दोस्ताला, निजामाला दिला. पण तहात एक मेख राहिली. गाविलगड आणि नरनाळा हे दोन किल्ले, त्यांच्या पायथ्याच्या काही परगण्यांसह, भोसल्यांकडेच राहिले. त्यात अकोट होतं. चारी बाजूंनी निजामाचा अंमल आणि मध्ये नागपूरच्या राजाची जागा! जवळजवळ दोन दशकं हे असं चाललं. १८२२ च्या तहानं ते परगणे आणि मेळघाट निजामाकडे गेले, निजामाचा नदीच्या पूर्वेकडचा हक्क संपला आणि वर्धा नदी ही पक्की हद्द ठरली.

इथवर गोष्ट लढाई-तहाची आहे आणि अशा गोष्टी सगळ्या देशांत सापडतात. माझं मन अडकतं ते पुढच्या शंभर वर्षांत, कारण तिथे तलवार म्यान होते आणि दस्तऐवज बाहेर येतात. दस्तऐवज हा माझा विषय आहे.

निजामाच्या पदरी इंग्रजांनी एक फौज ठेवली होती, हैदराबाद कंटिन्जंट. अधिकारी इंग्रज, खर्च निजामाचा. तिच्या छावण्यांपैकी एक आपल्या अचलपूरला होती, आजचं परतवाडा त्यातूनच वाढलं. फौजेचा पगार थकला, इंग्रजांनी तो स्वतः दिला आणि निजामाच्या नावे कर्ज म्हणून मांडला. मग २१ मे १८५३ रोजी लॉर्ड डलहौसीच्या कारकिर्दीत करार झाला आणि वऱ्हाड, धाराशिव आणि रायचूर दुआब हे मुलूख इंग्रजांच्या ताब्यात गेले. ताब्यात म्हणते, मालकीत नाही. उत्पन्नातून फौजेचा खर्च आणि कर्जाचं व्याज भागवायचं, उरेल ते निजामाला द्यायचं आणि दरसाल हिशेब दाखवायचा, अशा अटी होत्या. आमच्या भाषेत याला कब्जेगहाण म्हणतात. जमीन सावकाराच्या ताब्यात, पीक त्याच्या घरी, पण सातबाऱ्यावर नाव मूळ मालकाचं.

पुढच्याच वर्षी, १८५४ मध्ये, वारस नसल्याचं कारण सांगून डलहौसीनं नागपूरचं राज्य खालसा केलं. आता नदीच्या दोन्ही काठांवर एकच सत्ता होती. तरी सीमा मिटली नाही. अल्याडचा नागपूर प्रांत इंग्रजांचा स्वतःचा झाला होता, पल्याडचं वऱ्हाड त्यांच्याकडे गहाण होतं. त्याचं सरकारी नावही तसंच होतं, 'हैदराबाद असाइन्ड डिस्ट्रिक्ट्स', म्हणजे हैदराबादनं नेमून दिलेले जिल्हे. अमरावतीचा कागद वरच्या हुकमासाठी नागपूरला येत नसे, तो हैदराबादच्या रेसिडेंटकडे जाई.

१८५७ च्या उठावात निजाम इंग्रजांच्या बाजूनं राहिला. त्याचं बक्षीस म्हणून १८६० मध्ये नवा तह झाला. सुमारे ५० लाखांचं कर्ज माफ झालं, धाराशिव आणि रायचूर दुआब परत मिळाले. वऱ्हाड मात्र फौजेच्या खर्चासाठी म्हणून इंग्रजांकडेच राहिलं आणि हिशेब दाखवण्याची अट काढून टाकली. हे वाचताना मला दरवेळी थांबावं लागतं. कर्ज फिटलं की गहाण सुटतं, हे आमच्याकडे शेतमजुरालाही ठाऊक असतं. इथे कर्ज गेलं, तारण तसंच राहिलं आणि वर हिशेब मागायचा हक्कही गेला. असा दस्त माझ्यासमोर कुणी खेडूत घेऊन आला असता, तर मी त्याला त्याच दिवशी दावा लावायला सांगितलं असतं.

इंग्रजांच्या या हट्टाचं कारण काळ्या मातीत होतं. १८६१ ते ६५ या काळात अमेरिकेत यादवी झाली, तिथला कापूस अडला आणि मँचेस्टरच्या गिरण्यांना वऱ्हाडची आठवण झाली. रेल्वे भुसावळहून बडनेऱ्यावरून, वर्धा नदीवर पूल बांधून १८६७ मध्ये नागपूरला पोचली. त्या पुलावरूनच पुलगावचं नाव पडलं. नंतर यवतमाळ-मूर्तिजापूर-अचलपूर अशी अरुंद रुळांची गाडी आली, आपली शकुंतला. तीही कापसासाठीच. तिचीही कथा अशीच : रूळ किलिक निक्सनच्या खासगी कंपनीचे आणि पुढे गाडी चालवणारं मात्र सरकार. वऱ्हाडात मालक आणि चालक वेगळे असण्याची जणू रीतच पडली होती.

हैदराबादचे दिवाण सालारजंग यांनी वऱ्हाड परत मिळावं म्हणून वर्षानुवर्षं खटपट केली, १८७६ मध्ये ते इंग्लंडलाही जाऊन आले. हाती काही लागलं नाही. अखेर १९०२ मध्ये लॉर्ड कर्झन आणि सहावे निजाम मीर महबूब अली खान यांच्यात नवा करार झाला. निजामाचं वऱ्हाडवरचं सार्वभौमत्व मान्य करायचं, पण मुलूख इंग्रजांना कायमच्या भाडेपट्ट्यानं द्यायचा, भाडं सालीना २५ लाख रुपये. त्याच सुमाराला ती कंटिन्जंट फौजही हिंदुस्थानच्या लष्करात मिसळून टाकली. जिच्या पगारासाठी मुलूख अडकला, ती फौज गेली, मुलूख अडकलेलाच राहिला. १ ऑक्टोबर १९०३ पासून वऱ्हाडचा कारभार नागपूरच्या मध्यप्रांताला, म्हणजे 'सेंट्रल प्रॉव्हिन्सेस'ला जोडला. मिसळला नाही, जोडला. म्हणून मधे 'आणि' आला.

भाडेपट्टा म्हणजे काय, हे रामदासपेठेत फार समजावून सांगावं लागत नाही. आमच्या घराची जमीन नझुलाची आहे, सासऱ्यांनी पट्ट्यानं घेतलेली. भिंती आमच्या, विहीर आमची, फाटकाजवळचा कडुलिंब सासूबाईंनी लावलेला. जमीन सरकारची. वर्षाचं भूभाडं भरायचं, मुदत संपत आली की नूतनीकरणासाठी अर्ज करायचा. सकाळी लेंड्रा पार्कमध्ये फिरताना भेटणाऱ्या जुन्या शेजाऱ्यांशी हवापाण्यानंतर पहिला विषय निघतो तो हाच. आता कितीतरी बंगल्यांच्या जागी दवाखाने आणि सदनिका उभ्या राहिल्या. माणसं तीन पिढ्या एका जागी राहतात, तरी कागद काढला की "जागा कुणाची?" या प्रश्नाला दोन उत्तरं निघतात. एका अशिलानं मला एकदा कळवळून विचारलं होतं, "वकीलबाई, एक सांगा, मी मालक आहे का नाही?" सुमारे ४६ हजार चौरस किलोमीटरचं, स्वित्झर्लंडहून मोठं वऱ्हाड पंचेचाळीस वर्षं हाच प्रश्न घेऊन जगत होतं.

आणि हा प्रश्न नुसता मानापानाचा नव्हता. वऱ्हाड 'ब्रिटिश इंडिया'त मोडत नव्हतं. कायद्याच्या दृष्टीनं ती परक्या राजाची भूमी. म्हणून दिल्लीत किंवा नागपुरात झालेला कायदा तिथे आपोआप लागू होत नसे, परक्या मुलखावरच्या अधिकाराखाली तो वेगळ्या अधिसूचनेनं नेऊन लावावा लागे. १९४१ मध्ये केंद्रीय विधिमंडळानं 'बेरार लॉज अ‍ॅक्ट' नावाचा एक अख्खा कायदा केला, त्याचं कामच मुळी बाकीचे कायदे वऱ्हाडात नेणं एवढं होतं. निवडणुकीतही तेच. १९१९ च्या सुधारणांनंतर वऱ्हाडचे मतदार मतदान करत, उमेदवार निवडून येई, आणि मग सरकार त्याला 'नियुक्त' करी. कारण परक्या भूमीतून निवडून आलेला माणूस ब्रिटिश इंडियाच्या विधिमंडळात निवडून आलेला म्हणून बसणार कसा! यवतमाळचे लोकनायक बापूजी अणे केंद्रीय विधिमंडळात वऱ्हाडचे प्रतिनिधी होते. लोकांनी निवडलेल्या माणसालाही या दारातून आत जावं लागे.

सातवे निजाम मीर उस्मान अली खान यांनी वऱ्हाड परत मागितलं, तेव्हा १९२६ मध्ये व्हाइसरॉय लॉर्ड रीडिंग यांनी त्यांना जे उत्तर पाठवलं ते हिंदी संस्थानांच्या इतिहासात गाजलं. आशय असा, की ब्रिटिश सत्ता सर्वश्रेष्ठ आहे आणि कोणताही संस्थानिक तिच्याशी बरोबरीच्या नात्यानं वाद घालू शकत नाही. भाडेकरूनंच न्यायाधीशाच्या खुर्चीत बसून घरमालकाचा दावा फेटाळला, असं मी याला म्हणते. निजामाच्या राजवटीबद्दल मला प्रेम नाही, मराठवाड्यानं तिच्याखाली काय सोसलं ते मी ऐकलेलं आहे. पण चुकीचा निकाल तो चुकीचाच.

कर्झनचा वऱ्हाडचा करार झाला त्याच्या पुढच्याच वर्षी, १९०३ मध्ये, पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाला अगदी जुळा दस्त तयार झाला. अमेरिकेनं क्युबाकडून ग्वांतानामोच्या उपसागराभोवतीची सुमारे ४५ चौरस मैल जागा आरमारासाठी भाडेपट्ट्यानं घेतली. अंतिम सार्वभौमत्व क्युबाचं, संपूर्ण अंमल अमेरिकेचा. भाडं सालीना सोन्याच्या नाण्यांत २,००० डॉलर. १९३४ च्या तहानं असं ठरलं, की दोघांच्या संमतीशिवाय किंवा अमेरिकेनं जागा सोडल्याशिवाय पट्टा संपणार नाही. क्रांतीनंतर फिडेल कॅस्ट्रोच्या सरकारनं १९५९ मध्ये एक धनादेश वटवला, त्यानंतर एकही नाही. ४,०८५ डॉलरचे ते धनादेश त्यानं टेबलाच्या खणात टाकून ठेवले. भाडं स्वीकारलं तर भाडेकरी मान्य केल्यासारखं होतं, हे नागपूरच्या कुठल्याही घरमालकाला कळतं. दावा चालू असताना मनीऑर्डर परत पाठवणारे कितीतरी म्हातारे मी पाहिले आहेत.

ग्वांतानामोत पुढे अमेरिकेनं कैदी ठेवले आणि म्हटलं, की ही भूमी क्युबाची, इथे आमच्या न्यायालयांचा अधिकार चालत नाही. २००८ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं हे म्हणणं नाकारलं. जिथे अंमल तुमचा, तिथे कैद्याला न्यायालयाचं दारही उघडं हवं, असा निकालाचा रोख. तो निकाल वाचताना मला बापूजी अण्यांची 'नियुक्ती' आठवली. भूमी परक्याची म्हणायची आणि सत्ता आपली चालवायची, यात मधल्या माणसाचा हक्क हरवतो.

हाँगकाँगचा पट्टा निदान मुदतीचा होता. बेट आणि कौलूनचं टोक ब्रिटननं चीनकडून कायमचं घेतलेलं, पण त्यामागचा मोठा प्रदेश १८९८ मध्ये ९९ वर्षांच्या पट्ट्यानं. दोहोंमधल्या हद्दीवर आज भर वस्तीत बाउंडरी स्ट्रीट नावाचा रस्ता आहे. मुदत संपत आली तेव्हा लक्षात आलं, की पट्ट्याच्या जमिनीवाचून मालकीचा तुकडा जगूच शकत नाही. १९९७ मध्ये सगळंच परत गेलं.

आपल्या देशानंही असा एक पट्टा दिला आहे. पश्चिम बंगालमधला तीन बिघा. लांबी १७८ मीटर, रुंदी ८५. बांगलादेशाचं दहग्राम-अंगरपोता हे भारतानं वेढलेलं बेट त्यांच्या मुख्य भूमीला जोडण्यासाठी २६ जून १९९२ रोजी तो कायमच्या पट्ट्यानं दिला. २०११ पासून तो बांगलादेशी लोकांना चोवीस तास खुला आहे. पट्टा देणं म्हणजे देशाची भूमी देऊन टाकणं, असा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला होता. १९९० मध्ये न्यायालयानं सांगितलं, की यानं सार्वभौमत्व सुटत नाही, वहिवाटीची सवलत दिली जाते. शेतातून शेजाऱ्याला बैलगाडीची वाट द्यावी तसं. इथे देणारा स्वखुशीनं देत होता, हा वऱ्हाडातला आणि तिथला फरक मला महत्त्वाचा वाटतो.

परत वऱ्हाडात येते. १९३६ मध्ये, नव्या राज्यघटनेच्या तोंडावर, निजाम आणि ब्रिटिश यांच्यात आणखी एक करार झाला. वऱ्हाडात जिथे जिथे युनियन जॅक फडकेल तिथे शेजारी निजामाचा आसफजाही झेंडाही फडकेल. मध्यप्रांत आणि वऱ्हाडचा गव्हर्नर नेमताना निजामाचा सल्ला घेतला जाईल. निजामाला नागपुरात आपला प्रतिनिधी ठेवता येईल. युवराज आझम जाह याला 'प्रिन्स ऑफ बेरार' हा किताब मिळाला. त्याची पत्नी दुर्रुशेहवार ही तुर्कस्तानच्या शेवटच्या खलिफाची मुलगी, लग्न फ्रान्समधल्या नीस शहरात झालेलं. इस्तंबूलमध्ये जन्मलेली ती राजकन्या अशी 'वऱ्हाडची राणीसाहेब' झाली.

माझी आई त्या वेळी अमरावतीला मामांकडे शिकत होती. कचेरीवर दोन झेंडे असत, ते तिनं पाहिले होते. मोठेपणी ती सांगायची, की शाळेतल्या मुलींची भांडणं व्हायची, आपला राजा कोणता, लंडनचा का हैदराबादचा? बाईंना विचारलं, तर बाई म्हणाल्या, भूगोलाचं पुस्तक काढा. आईला दोन्ही राजे नको होते, तिच्या घरी चरखा होता.

पण सगळ्यात नवलाची गोष्ट नकाशात नव्हे, दोन नद्यांवर दिसते. वऱ्हाडच्या पूर्वेला वर्धा, दक्षिणेला पैनगंगा. वर्धा ओलांडली की कायद्यानं राजा बदलत होता, आणि तिथे काहीच नव्हतं. तेच तिकीट, तेच पोस्ट, तोच रुपया. पैनगंगेच्या दोन्ही काठांवर मात्र कायद्यानं राजा एकच, निजाम, आणि तिथे नाका होता. पलीकडे निजामाची करोडगिरी, म्हणजे जकात, पलीकडे हाली सिक्का, म्हणजे वेगळं नाणं. यवतमाळच्या माणसाला आपल्याच नावापुरत्या राजाच्या मुलखात जाताना झडती द्यावी लागे. जिथे धनी बदलत होता तिथे वाट मोकळी, आणि जिथे धनी एक तिथे अडसर! हैदराबाद मुक्तिसंग्रामात निजामाविरुद्ध लढणाऱ्यांनी पैनगंगेच्या अलीकडे वऱ्हाडात आश्रय घेतला. कागदावर काल-परवापर्यंत जो मुलूख निजामाचा होता, तिथूनच त्याच्याशी लढाई झाली. सीमा शोधायची तर सनदा पाहण्याआधी झडती कुठे होते ते पाहावं, हे मी त्या दोन नद्यांवरून शिकले.

१५ ऑगस्ट १९४७ ला ब्रिटिश गेले, म्हणजे भाडेकरूच उठून गेला. २९ नोव्हेंबरला भारत सरकार आणि निजाम यांच्यात जैसे थे करार झाला. सप्टेंबर १९४८ च्या पोलीस कारवाईनंतर हैदराबादवरचं निजामाचं राज्य संपलं आणि वऱ्हाडवर मालकी सांगणारं कुणी उरलं नाही. १९५० मध्ये प्रांताचं नाव मध्य प्रदेश झालं. 'आणि' गेला. १९५६ मध्ये विदर्भाचे आठ जिल्हे द्विभाषिक मुंबई राज्यात आले, १९६० मध्ये महाराष्ट्रात.

नावातून गेला, तरी जमिनीतून तो गेलेला नाही. माझ्याकडे नदीच्या दोन्ही बाजूंचे जमिनीचे खटले येत, त्यांची भाषाच वेगळी. नागपूर, भंडारा, चांद्याकडचा जुना कागद म्हणजे मालगुजारीचा. गावाचा मालगुजार सरकारला सारा भरणार, कुळांकडून वसूल करणार. त्यात वाजिब-उल-अर्ज निघणार, निस्तारपत्रक निघणार, म्हणजे गावानं जंगलातून किती सरपण आणायचं, गुरं कुठे चारायची याची नोंद. पल्याड वऱ्हाडात इंग्रजांनी मुंबई इलाख्याची रयतवारी आणली, तिथे मधे मालगुजार नाही, खातेदार आणि सरकार समोरासमोर. मालगुजारी १९५१ मध्ये रद्द झाली. पण भंडारा-गोंदियाकडे जा, लोक तळ्याला 'मामा तलाव' म्हणतात. ते माजी मालगुजारी तलाव. नदीच्या पलीकडे हा शब्द घेऊन गेलात, तर लोक विचारतील, कुणाचे मामा?

आणि निजामाच्या हद्दीचं एक टोक अजून दुखतं आहे. आजचा राजुरा भाग १९५६ पर्यंत हैदराबाद राज्याच्या आदिलाबाद जिल्ह्यात होता, मग नांदेडमध्ये गेला, १९५९ मध्ये चांद्यात आला. त्याच डोंगराळ पट्ट्यात जिवती तालुक्यातली काही गावं महाराष्ट्र आणि तेलंगणा दोघंही आपली म्हणतात. लोकांकडे दोन राज्यांची रेशनकार्डं, दोन मतदार याद्यांत नावं. एका घराच्या काही खोल्या या राज्यात, काही त्या राज्यात, असं तिथे आहे. बातम्यांत ते गमतीनं दाखवतात. तिथल्या माणसाचं काम मात्र जमिनीच्या पट्ट्यापाशी येऊन अडतं. दोन सरकारं असून शेताचा पक्का कागद एकाचाही हाती नाही, ही त्या बायाबापड्यांची तक्रार मला कुठल्याही आंतरराष्ट्रीय नवलाहून मोठी वाटते.

त्या दिवशी व्हरांड्यात मी त्या मुलीला यातलं निम्मंही सांगितलं नाही. आजीचं सांगितलं. माझी आजी, आईची आई, देवळीची. देवळी अल्याड, वर्धा जिल्ह्यात. तिला दिली पल्याड, धामणगावला. तिचे वडील एका मालगुजाराकडे कारकून, सासरचे खातेदार. रुक्मिणीचं माहेर कौंडण्यपूर वर्धेच्या पल्याडच्या काठावर, आजीचं अल्याड, याचंही तिला अप्रूप होतं. कर्झन, निजाम, पट्टा, यातलं काही तिला माहीत नव्हतं. पण ती म्हणायची, "नदी उतरली का राज बदलते, पोरी."

लहानपणी मी तिच्याबरोबर आगगाडीनं माहेरी गेले आहे. धामणगावहून गाडी सुटली की ती डोक्यावरचा पदर घट्ट धरून खिडकीशी बसायची, कुणाशी बोलायची नाही. पुलावर चाकांचा आवाज बदलायचा. त्या आवाजाबरोबर ती कनवटीचा पैसा काढून पाण्यात टाकायची आणि पदर खांद्यावर सोडायची. पुलगावला उतरेपर्यंत तिचं बोलणं सुरू झालेलं असायचं, मोठ्यानं, भावाच्या नावानं हाक मारत. परतीच्या गाडीत, त्याच पुलावर, पलीकडचा काठ यायच्या आत पदर परत डोक्यावर असायचा.